आई-बाबा, एप्रिलपासून मी पुण्यात

बंगळूर,
रविवार सकाळ

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा पत्राचं शेवटचं पान आधी वाचतात, म्हणून मुख्य गोष्ट इथेच लिहितो. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे आणि तो मंजूरही झाला आहे. मार्चअखेर इथून मोकळा होईन आणि एप्रिलपासून भोसरीला, माझ्या वर्गातल्या बापूच्या वर्कशॉपमध्ये, त्याचा भागीदार म्हणून काम करेन. मला कोणी काढलेलं नाही, कुणाशी भांडण झालेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे. वैशालीशी बोलून, कागदावर आकडे मांडून मगच ठरवलंय. आई, तुझा पहिला प्रश्न तिच्याबद्दलच असणार. ती रागावलेली नाही. उलट राजीनाम्याचं पत्र तिनेच एकदा वाचून दुरुस्त करून दिलं.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू अर्ध्यातच "थांब, ह्यांना देते" म्हणतेस, बाबा सगळं ऐकून नुसतं "बरं" म्हणतात आणि मग रात्री दोघंही जागत बसता. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं. चष्मा लावा, खिडकीपाशी बसा, सावकाश वाचा.

आमच्या शाळेच्या बॅचच्या मेळाव्याहून आल्यावर तू सारखी विचारत होतीस, "कोण कोण आलं होतं रे?" विमानाच्या घाईत मी "सगळे होते" एवढंच म्हणालो. माझ्या निर्णयाचं मूळ तिथेच आहे, तेव्हा आधी पोरांच्या बातम्या. तुझ्या हातची थालीपिठं खाऊन मोठी झालेली पोरं आहेत ती, तुला कळायलाच हवं.

आमची दहावी १९९१ ची. जूनमध्ये निकाल लागला आणि जुलैमध्ये सरकारचं नवं औद्योगिक धोरण आलं. बहुतेक परवाने गेले, बाहेरच्या कंपन्यांना दार उघडलं. बाबा ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही क्रिकेटचं पान सुटं होण्याची वाट बघायचो. रमणबाग शाळेच्या त्या वर्गात नुसते मुलगे, त्यातले निम्मे तुमच्या गॅलरीत अभ्यासाला. त्या पावसाळ्यात जे सुरू झालं त्याने कुणाला कुठल्या कुठे नेलं, ते परवा सगळे एकत्र बसल्यावर दिसलं.

भिकारदास मारुतीकडचा गजा पीएमटीत लागला होता, आठवतं? २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, तेव्हा नोकरीचं काय होईल म्हणून त्याची आई तुझ्याकडे येऊन रडली होती. काही झालं नाही. आज तो डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. हल्ली विजेच्या बस आल्यात. त्याने मला समजावून सांगितलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी आपोआप मंदावते आणि तेवढी वीज परत बॅटरीत जाते. जुन्या ड्रायव्हरांना ब्रेक मारायची सवय, ती मोडायला वेळ लागतो म्हणाला. इतकं मन लावून सांगत होता की आम्ही जेवायचं विसरलो.

एनडीएत गेलेला आपला लंबू कर्नल होऊन निवृत्त झाला, आता वानवडीला असतो. तुमचे पाय दुखतात कळल्यावर तुम्हाला जिना चढायला लावू नका म्हणून मलाच दटावलं.

अंजिराची पेटी आणली ती सासवडच्या पोराने. तो पुण्यात मामाकडे राहून शिकायचा, तो शांत मुलगा. कृषी पदवी घेऊन नोकरी न करता वडिलांच्या रानात गेला. थंडीत येतो तो खट्टा बहार, उन्हाळ्यात येतो तो मीठा बहार, आणि दोन्ही एकाच झाडावर घेत नाहीत, असं बरंच काही सांगत होता. आई, तू एकच अंजीर खाल्लंस ना? बाकीची खालच्या काकूंना दे.

मागच्या बाकावरचा बंड्या सगळ्यात खूश दिसला. आपल्या शाळेच्या मैदानावर पुढे कित्येक वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाचा मांडव पडायचा, तिथे तो आधी नुसत्या वायरी उचलायला जायचा. मग मिक्सरशेजारी बसायला लागला. आता त्याची स्वतःची साउंड सिस्टीम आहे, गाण्याच्या मैफिली करतो. तानपुऱ्याचा माइक कुठे ठेवायचा यावर तो अर्धा तास बोलू शकतो. दहावीला त्याचं गणित राहिलं होतं आणि बाबांनी त्याला ऑक्टोबरला पास करून दाखवलं. ते त्याने सगळ्यांसमोर उठून सांगितलं, बाबा. तुम्ही यायला हवं होतं. पुढच्या वेळी मी खुर्चीत बसवून उचलून नेईन, पण नेईन.

पेरुगेटचा चष्मेवाला अमेरिकेहून खास आला होता. वाय-टू-केच्या लाटेत गेला तो तिथलाच झाला. मुलं कॉलेजात, मोठं घर, सगळं चांगलं. त्याचे आई-वडील एकाच वर्षात गेले आणि दोन्ही वेळा त्याला पोचता आलं नाही. कोथरूडचा फ्लॅट अजून तसाच कुलूपबंद आहे, विकायला हात होत नाही म्हणाला. मी त्याच्यावरून धडा घेतला वगैरे नाही. तो वाईट मुलगा नव्हता आणि नाही, त्याने त्यांच्यासाठी शक्य ते सगळं केलं. पण त्या रात्री आपल्या घरी परतल्यावर मी बराच वेळ तुम्हा दोघांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, हे खरं.

आणि सुऱ्या. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली, २०२१ च्या एप्रिलात गेला. त्याची बायको मुलाला घेऊन आली होती. मुलगा बारावीला आहे, डिट्टो सुऱ्या, तशीच मान वाकडी करून हसतो. त्याच्या शिक्षणाचं सगळी बॅच मिळून बघते. हिशेब वर्गातलाच आपला डॉक्टर आणि बापू ठेवतात, आणि दर वर्षी पैशापैशाचा तक्ता वहिनींना नेऊन देतात, म्हणजे त्यांना कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटू नये. सुट्टीत तो मुलगा बापूकडे मशीनवर शिकायला जातो.

आता बापूचं. तुम्ही त्याला शेवटचं दिवाळीला पाहिलंत, तो चिवडा घेऊन आला होता तेव्हा. पण त्याचं वर्कशॉप तुम्ही पाहिलेलं नाही. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो, दुपारी परतणार होतो आणि दिवेलागण झाली.

आम्ही अकरावीला गेलो तेव्हा तो औंधच्या आयटीआयला टर्नरला, म्हणजे लेथवरचं काम शिकायला गेला. आम्ही त्याच्यापेक्षा हुशार होतो असं नव्हतं. त्याच्या घरी दोन वर्षांत पगार सुरू होणं गरजेचं होतं, इतकंच. मग अप्रेंटिसशिप, मग दुसऱ्याच्या शेडमध्ये लेथवर रात्रपाळी, मग हप्त्यावर घेतलेलं एक जुनं लेथ आणि भाड्याचा गाळा. आज त्याच्याकडे सीएनसी, व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत, तीसेक माणसं आहेत, आणि मजुरांना पगार दर सात तारखेला. कोविडच्या दिवसांतही ती तारीख चुकली नाही, हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या फोरमनने सांगितलं.

बाबा, आता नीट वाचा. त्याने मला तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे ग्रॅनाइटच्या टेबलावर साइन बार होता, म्हणजे अचूक कोन लावायची पोलादी पट्टी, २०० मिलिमीटरची. मला म्हणाला, "तीस अंशाचा कोन लावून दाखव." एका टोकाखाली १०० मिलिमीटरचे स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे ठोकळे, लावायचे, कारण साइन तीस म्हणजे अर्धा. मी लावले. तर तो म्हणाला, "आयटीआयला सगळ्यांनी तक्ता पाठ केला. मला हे का होतं ते माहीत होतं. काकांनी तुमच्या गॅलरीत भिंतीला शिडी टेकवून शिकवलं होतं." ती शिडी अजून आहे ना माळ्याखाली? गेली तीस वर्षं तो माणूस तुमच्या त्या शिडीवर पोट भरतोय आणि तुम्हाला एकदाही सांगितलं नाही, कारण तुमच्यापुढे त्याचं तोंड उघडत नाही. मी सांगितल्याचं त्याला कळू देऊ नका.

तर मला त्याने का बोलावलं. त्याचं निम्म्याहून जास्त काम इंजिनाच्या भागांचं आहे. विजेच्या मोटरीला पिस्टन लागत नाही, व्हॉल्व्ह लागत नाही, क्रँकशाफ्ट लागत नाही. आजच काही बंद पडत नाहीये, पण गजाच्या बस बघून कळतं वारं कुठल्या दिशेला आहे. बापूला विमानांच्या भागांकडे वळायचं आहे. त्यासाठी एएस ९१०० हे दर्जाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मी इथे इतकी वर्षं नेमकं तेच करतोय. प्रत्येक तुकडा कुठल्या धातूच्या कुठल्या ओतीतला, म्हणजे त्याचा हीट नंबर, कुणी कापला, कुणी मोजला, याची नोंद ठेवावी लागते. उद्या एक भाग तडकला तर त्याच ओतीतले बाकीचे सगळे शोधून काढता यायला हवेत. बापूचा हात सोन्याचा आहे, पण ही कागदाची बाजू त्याच्याकडे नाही. माझ्याकडे ती आहे, आणि मी इथे फक्त दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांच्या चुका लिहीत आलो. मला एकदा स्वतः काहीतरी उभं करायचंय, आई. पन्नाशीत नाही तर कधी?

तुम्हाला वाटेल की मी तुमच्यासाठी येतोय आणि कामाचं निमित्त सांगतोय. तसं अजिबात समजू नका. तुम्ही माझ्यावर ओझं नाही आहात, तुमच्यामुळे माझं काही अडलेलं नाही. मला हे काम हवंय. ते पुण्यात आहे हा माझा आनंद.

पैशांचं. पगार पहिली दोन वर्षं आत्ताच्या निम्मा असेल. इथल्या घराचं कर्ज फिटलेलं आहे. ग्रॅच्युइटी मिळेल, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार या हिशेबाने, त्यातूनच भागीदारीचा माझा वाटा भरणार. पीएफला हात लावणार नाही. तुमच्या एफडी, आईची पोस्टातली एमआयएस, सदाशिव पेठेतलं घर, यातलं काहीही कुठेही तारण ठेवणार नाही. बापूनेच ही अट आधी घातली, मी बोलायच्या आत. चिऊच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढलेले आहेत. तुम्हाला दरमहा जे येतं ते तसंच येईल, एक रुपयाही कमी होणार नाही.

एक गोष्ट मात्र बदलते. तुम्हा दोघांचा आरोग्य विमा माझ्या कंपनीच्या पॉलिसीतून होता. तो नोकरीबरोबर संपतो. ती पॉलिसी वैयक्तिक करून घेण्याचा अर्ज मी दिला आहे, हप्ता मी भरणार. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर. सगळ्याच रुग्णालयांत ते चालत नाही आणि रोजच्या औषधांना नाही, म्हणून दोन्ही हवं. आधार कार्डावर बाबांची जन्मतारीख नीट आहे का ते काढून बघा. मी आलो की दोघांचं कार्ड काढू. बाबा, "सरकारचं फुकटचं कशाला" हे आधीच ऐकलंय. आयुष्यभर पगारातून टॅक्स कापून गेला तुमचा, फुकटचं काही नाही त्यात.

आता राहण्याचं. हे लिहायला मी दोनदा चहा करून आलो. एप्रिल आणि मे मी तुमच्याकडेच असेन, माझ्या जुन्या खोलीत. मेअखेर वैशाली आणि चिऊ येतील. तेव्हा आम्ही संत तुकारामनगरला फ्लॅट भाड्याने घेतोय. वैशालीची बदली हिंजवडीच्या ऑफिसला झाली आहे, मला कधी रात्रपाळीलाही जावं लागेल, आणि आपल्या दोन खोल्यांत पाच माणसं म्हणजे आई, तू पहाटे चारला उठून स्वयंपाक करत बसशील. ते मला नको आहे. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नाही. मंडईच्या स्टेशनात मेट्रोत बसलं की गाडी न बदलता सरळ तिथे उतरतो. बुधवारी रात्री आणि रविवारी मी सदाशिव पेठेतच जेवणार, हे आत्ताच ठरवून ठेव. त्या फ्लॅटला लिफ्ट आहे आणि एक खोली तुमच्या नावाची आहे, पूर्वेची, बाल्कनीसकट. घर सोडून या असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पावसाळ्यात जिना निसरडा झाला, पाहुणे नकोसे झाले, किंवा आईला नुसताच कंटाळा आला, की यायचं. बाबांच्या खुर्चीला तिथे जागा मोजून ठेवली आहे.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं शिवाजीनगरहून लोकल पकडून पिंपरीला गेलात. हिवाळ्यात तुम्ही निघायचात तेव्हा बाहेर अंधार असायचा आणि मी गोधडीतून बघायचो, आई डब्याला फडक्याची गाठ मारून द्यायची. संध्याकाळी तुमच्या पिशवीत रेल्वे स्टेशनवरचे शेंगदाणे असतील की नाही यावर माझा सगळा दिवस अवलंबून असायचा. मी नाशिक फाट्याला उतरून भोसरीला जाणार आहे, तुमच्याच वाटेने. आई, ताप आला की तू मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायचीस आणि रात्री जाग आली की तुझा हात कपाळावर सापडायचा, ते मला इथे हॉटेलच्या खोल्यांत कितीदा आठवलंय ते मी तुला कधी बोललो नाही.

आता ऐका, आणि हे सगळं करायचंच आहे.

बाबांचे घोटे सुजतात ते डॉक्टरने मेळाव्याच्या सकाळी पाहिलं होतं. तो म्हणतो, रक्तदाबाच्या त्या गोळीनेही अशी सूज येते, पण तेवढ्यावर सोडायचं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचं. गोळी मनाने बंद करायची नाही, अर्धी करायची नाही. गुरुवारी सकाळी त्याचा मुलगा गाडी घेऊन येईल, त्याला "कशाला त्रास" म्हणून परत पाठवू नका.

आई, इन्सुलिनची नवी बाटली फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलं की ते फेकून द्यायचं, परत वितळवून वापरायचं नाही. उघडलेली बाहेर ठेवली तरी चालते, उन्हापासून दूर, चारेक आठवडे. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिही. मोरीतल्या भिंतीला आधाराची दांडी बसवायला बापू माणूस पाठवणार आहे, ती कुठे बसवायची ते त्याला दाखव, कपडे वाळत घालायच्या जागेवरून वाद नको. दूध आणि भाजी दोरीच्या टोपलीतूनच वर घ्या, बाबांनी पिशव्या घेऊन जिना चढायचा नाही. पर्वतीला जायचं तर पायथ्यापर्यंत.

आणि पोलीस, सीबीआय म्हणून कुणाचा व्हिडिओ कॉल आला, तुम्हाला घरातच अटक केली म्हणाला, तर फोन ठेवून द्यायचा. कायद्यात असली अटक नसते. घाबरून बँकेत जायचं नाही, आधी मला फोन, नाहीतर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला. मी कामात असेन म्हणून थांबू नका. मीटिंगमध्येही मी तुमचा फोन घेतोच.

चिऊची बारावीची परीक्षा आहे, तिला आशीर्वादाचा फोन कर, पण मार्क किती पडतील ते विचारू नकोस. वैशाली नमस्कार सांगते. तुझ्या लिंबाच्या लोणच्याची बरणी संपली म्हणते, पण आत्ता घालायला बसू नकोस, मी आल्यावर लिंबं मी चिरून देईन.

इको झालं की रिपोर्टचा फोटो खालच्या काकूंच्या मुलाकडून मला पाठवा. गुरुवारी दुपारी वाट बघतो.

तुमचा,
नंदू